हेल्मेट हरवलेले अंतराळवीर

परदेशी विक्रेत्यांकडे आर्चर कंपनीचे जुने अंतराळवीर शोधायला बसलं की एक शेरा सारखा भेटतो: ‘हेल्मेट नाही’. फोटोत जेमतेम दहा सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा असतो. प्लास्टिकच्या पोशाखावर धातूची झाक, गळ्याभोवती जाड गोल कॉलर आणि कॉलरच्या वर उघडं डोकं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या या कंपनीने १९५०च्या दशकात ही माणसं बाजारात आणली, तेव्हा त्या कॉलरवर पारदर्शक प्लास्टिकचा गोल टोप बसत असे. तो काढता-घालता येई, त्यामुळे मुलांचा जीव त्यातच अडकायचा आणि हरवायचाही तोच आधी. सोफ्याच्या फटीत, बागेतल्या मातीत, झाडूच्या फटकाऱ्यात हजारो हेल्मेटं गेली. माणसं उरली.

त्या संचात बायकाही होत्या आणि यंत्रमानवही. तेव्हा पृथ्वीच्या वातावरणाबाहेर कोणीच गेलेलं नव्हतं. वालेंतिना तेरेश्कोवा ही अंतराळात जाणारी पहिली स्त्री १९६३ साली गेली, पण खेळण्याच्या साच्यात तिच्यासाठी पोशाख आधीच कोरून झाला होता. प्लास्टिकच्या या स्वस्त वस्तूंकडे गंभीरपणे पाहावं, याचं पहिलं कारण हेच. प्रत्यक्ष प्रवास सुरू होण्यापूर्वी माणसाने त्याची जी चित्रं मनात रंगवली, त्यांतली पुष्कळशी कागदावर उरली. काही मात्र हातात धरता येतील अशी, किमतीने चार-दोन नाण्यांची, मुलांच्या खिशात गेली.

ही चित्रं हवेतून आलेली नव्हती. ‘कॉलियर्स’ या अमेरिकी साप्ताहिकाने १९५२ सालच्या मार्चमध्ये अंतराळप्रवासावर लेखमाला सुरू केली. रॉकेटतज्ज्ञ वेर्नर फॉन ब्राउन यांच्या योजना आणि चित्रकार चेस्ली बोनस्टेल यांची चित्रं लाखो घरांत पोचली. पंख असलेलं रॉकेट, चाकासारखं गोल फिरणारं अवकाशस्थानक, चंद्रावर उतरणारी यानं या कल्पनांना तिथे ठोस आकार मिळाला. दूरचित्रवाणीवर १९४९पासून ‘कॅप्टन व्हिडिओ’ सुरू होता आणि पुढच्याच वर्षी ‘टॉम कॉर्बेट’ आणि ‘स्पेस पेट्रोल’ आले. ब्रिटनमध्ये १४ एप्रिल १९५० रोजी ‘ईगल’ साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला आणि त्यातल्या चित्रकथेचा नायक, फ्रँक हॅम्पसन यांचा अंतराळवीर डॅन डेअर, घराघरांत शिरला. खेळणी बनवणाऱ्यांना एवढी शिदोरी पुरेशी होती. न्यूयॉर्कच्या लिडो कंपनीचे अंतराळवीर न्याहारीच्या धान्याच्या खोक्यांतूनही वाटले गेले. लुई मार्क्स यांच्या कारखान्याने टॉम कॉर्बेटची अख्खी अंतराळ अकादमी एका खोक्यात बसवली: पत्र्याची इमारत, प्लास्टिकची माणसं, प्लास्टिकची शस्त्रं आणि यंत्रं. ‘टाइम’ साप्ताहिकाने डिसेंबर १९५५मध्ये मार्क्स यांचा चेहरा मुखपृष्ठावर छापला. खेळण्यांचा धंदा तेव्हा किती मोठा झाला होता, ते त्यावरून कळतं.

इथपर्यंतची गोष्ट अमेरिका आणि ब्रिटनपुरती वाटते. पण या छंदाला खरी गोडी येते ती साच्याकडे लक्ष गेल्यावर.

इंजेक्शन मोल्डिंग हा शब्द पुण्या-मुंबईच्या औद्योगिक वसाहतींत काम केलेल्यांना नवा नाही. प्लास्टिकचा दाणा तापवून पातळ करायचा, दाबाने पोलादी साच्यात ढकलायचा, थंड झाला की साच्याचे दोन भाग उघडायचे आणि वस्तू बाहेर काढायची. दाणा स्वस्त असतो, मजुरी थोडी लागते. पैसा खरा ओतला जातो तो साच्यात. कसबी कारागीर तो पोलादात कोरतो आणि एकदा तयार झाला की तो लाखो नग देऊ शकतो. म्हणजे एका देशातल्या मुलांचा उत्साह ओसरला तरी साचा म्हातारा झालेला नसतो. मालकाने त्याला भंगारात का घालावं? तो विकला जातो, भाड्याने दिला जातो, जहाजात चढतो आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने पुन्हा कामाला लागतो.

न्यू जर्सीच्या पायरो कंपनीची पंखांची अंतराळयानं अशीच ब्रिटनमध्ये पोचली आणि तिथे क्लीवेअर आणि ट्यूडर रोझ या नावांखाली विकली गेली. यान तेच, वळणं तीच, खिडक्या तितक्याच. फरक रंगांत, प्लास्टिकच्या जातीत आणि पोटाखालच्या अक्षरांत. मार्क्स यांनी वेल्समधल्या स्वॉन्सी इथे कारखाना घातला, मेक्सिकोत प्लास्टिमार्क्स या नावाने त्यांची खेळणी निघाली. साचा दुसऱ्याच्या हाती गेला की नवा मालक जुनं नाव घासून काढतो आणि आपलं कोरतो. पण पोलाद सहजासहजी विसरत नाही. खेळणं उजेडात तिरपं धरलं तर कधी कधी नव्या अक्षरांच्या बाजूला एक चौकोनी सपाटी दिसते. जुन्या नावाची जागा ती. संग्राहक भिंग घेऊन बसतो तो त्या चौकोनासाठी.

म्हणूनच हा संग्रह एका देशात बसून पुरा होत नाही. ज्याला एकाच यानाची सगळी रूपं हवी आहेत, त्याला अमेरिकेतल्या एखाद्या गॅरेज सेलचा माल हवा, इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी मैदानात गाड्यांच्या डिक्या उघडून भरणाऱ्या बाजारातला माल हवा, मेक्सिकोतल्या विक्रेत्याशी पत्रव्यवहार हवा, ऑस्ट्रेलियातही कोणी ओळखीचं हवं. ऑस्ट्रेलिया यासाठी की तिथल्या रोझेनहेन अँड लिपमन कंपनीने केलॉग्जच्या खोक्यांत घालायला अत्यंत देखणी बारीक खेळणी बनवली. १९६८ सालचे तिचे ‘क्रेटर क्रिटर्स’ हे परग्रहावरचे प्राणी बोटाच्या पेरावर मावतील एवढे लहान आहेत, तरी प्रत्येकाला स्वतःचा स्वभाव आहे. धान्याबरोबर फुकट मिळालेल्या वस्तूवर कोणा कारागिराने इतकी मेहनत घेतली, हे पाहून आजही मन भरून येतं.

आणि मग हाँगकाँग. या छंदातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी नोंदला गेलेला प्रदेश.

कोरियन युद्धाच्या काळात, १९५१ साली संयुक्त राष्ट्रांनी चीनशी होणाऱ्या व्यापारावर निर्बंध घातले. चीनच्या मालाची ने-आण करून जगणाऱ्या हाँगकाँगला स्वतः काहीतरी बनवणं भाग पडलं. कापड आलं, प्लास्टिकची फुलं आली, आणि त्याच यंत्रांवर खेळणी आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगने खेळण्यांच्या निर्यातीत जपानलाही मागे टाकलं. यातले कितीतरी कारखाने उंच इमारतींच्या मजल्यांवर, चिंचोळ्या जागेत चालत. परदेशी कंपन्यांचं काम तर ते करतच, शिवाय बाजारात चाललेली खेळणी आणून त्यांच्यावरून नवे साचे पाडत. प्लास्टिक थंड होताना किंचित आकसतं, त्यामुळे खेळण्यावरूनच काढलेल्या साच्यातला नग मूळ नगापेक्षा थोडा लहान भरतो. चेहऱ्याची रेघ बोथट होते, बोटं एकमेकांना चिकटतात. दोन अंतराळवीर शेजारी उभे करून पट्टी लावली की आई कोण आणि लेकरू कोण, ते सांगता येतं. ब्रिटनला जाणाऱ्या मालावर बरेचदा ‘एम्पायर मेड’ एवढंच लिहिलेलं असे. कारखान्याचं नाव नाही, शहराचंही नाही. ज्या हातांनी हे रंगवलं, त्या हातांची नोंद कोणी ठेवली नाही, आणि ही या विषयातली सर्वांत जिव्हारी लागणारी उणीव आहे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात गेला आणि खेळण्यांच्या कपाटातही उलथापालथ झाली. पंखांची गुळगुळीत यानं हळूहळू मागे पडली, क्षेपणास्त्रांचे तळ आणि उड्डाणमंच पुढे आले. मार्क्स यांनी केप कॅनव्हेरलचा संच काढला. पुढे मॅटेलच्या ‘मेजर मॅट मेसन’ने तर नासाच्या पोशाखांच्या आणि चांद्रवाहनांच्या आराखड्यांवरूनच आपला संसार थाटला. रबरासारख्या मऊ अंगाचा हा बाहुला आतल्या तारेमुळे हवा तसा वाकतो. पन्नास-साठ वर्षांनी ती तार सांध्यात तुटलेली असते आणि सांध्यावरचा रंग उडालेला असतो. विक्रेत्याने फोटो कितीही चांगला काढला तरी तार फोटोत दिसत नाही. गुडघा वाकवल्यावर तिथेच थांबतो का, हे विचारावंच लागतं.

याच काळातलं सर्वांत हुरहूर लावणारं खेळणं मात्र ब्रिटनचं आहे. ‘थंडरबर्ड्स’ ही दूरचित्रवाणी मालिका बनवणाऱ्या जेरी अँडरसन यांच्या उद्योगसमूहातल्या सेंच्युरी ट्वेंटीवन टॉइज या कंपनीने १९६७च्या सुमारास ‘प्रोजेक्ट स्वोर्ड’ नावाची खेळण्यांची मालिका आणली. तिच्यामागे दूरचित्रवाणीचा कार्यक्रम नव्हता. कथा फक्त चित्रसाप्ताहिकांतून येत होत्या. हाँगकाँगमध्ये बनलेली ही मोठाली यानं नासासाठी तेव्हा तयार होत असलेल्या प्रस्तावांवर आधारलेली होती: अणुशक्तीवर चालणारी वाहतूक-यानं, चंद्रावर रांगणाऱ्या गाड्या, परत वापरता येणारी रॉकेटं. त्यांतली बहुतेक कधीच बांधली गेली नाहीत. अमेरिकी काँग्रेसने पैसा आखडता घेतला आणि कागद फायलीत गेले. प्लास्टिकमध्ये मात्र ती यानं प्रत्यक्ष बनली, खोक्यात भरली गेली, मुलांनी अंगणात उडवली. १९६९च्या सुमारास ट्राय-अँगने यांतलीच काही यानं लहान आकारात ‘स्पेसएक्स’ या नावाने विकली. त्याच नावाची इलॉन मस्क यांची कंपनी त्यानंतरची, २००२ सालची. अमेरिकेत हीच छोटी यानं ‘गोल्डन ॲस्ट्रॉनॉट’ झाली. अंतराळाच्या इतिहासाची पुस्तकं उडालेल्या यानांबद्दल लिहितात. न उडालेल्या यानांना असं हातात घेऊन पाहायची सोय याच खेळण्यांनी ठेवली आहे.

सोव्हिएत बाजूची खेळणी वेगळी ओळखू येतात. १९७०च्या नोव्हेंबरात ल्युनोखोद ही सोव्हिएत चांद्रगाडी चंद्रावर उतरली आणि तिच्या प्रतिकृती दुकानांत आल्या. सोव्हिएत खेळण्यांवर कारखान्याचं चिन्ह असतं आणि पुष्कळदा किंमतही प्लास्टिकमध्येच कोरलेली असते, कारण किंमत सरकार ठरवत असे आणि ती दुकानागणिक बदलायची नव्हती. हाँगकाँगच्या निनावी मालाशी झुंजून आलेल्या संग्राहकाला एवढी माहिती म्हणजे मेजवानी वाटते.

प्लास्टिक टिकतं, अगदी नको इतकं टिकतं, असं आपण रोज ऐकतो. खेळणी जमवणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीची काही खेळणी सेल्युलोज ॲसिटेटची आहेत. ती वाकडी होतात, आकसतात आणि खोकं उघडताच व्हिनेगरचा वास येतो. तो वास आला की तो नग बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवायचा. पॉलिस्टायरिन चकचकीत आणि कडक असतं, टेबलावर हलकेच टेकवलं तर खणकन वाजतं आणि पडलं तर काचेसारखं तडकतं. पॉलिथिनचा शोध इंग्लंडमधल्या विनिंग्टन इथे आयसीआयच्या प्रयोगशाळेत १९३३ साली अपघातानेच लागला. ते मेणचट लागतं, पाण्यावर तरंगतं, आणि साधा गोंद त्याला धरत नाही. म्हणून पॉलिथिनच्या अंतराळवीराचा हात मोडला की तो मोडलाच. मऊ पीव्हीसीतून काळाच्या ओघात तेलकट द्रव्य पाझरतं, खेळणं चिकट होतं. तेच पीव्हीसीचं चाक वर्षानुवर्षं पॉलिस्टायरिनच्या यानाला टेकून राहिलं, तर त्या ठिकाणी यान विरघळल्यासारखं खचतं. चाकं आणि यान वेगवेगळी गुंडाळून ठेवणारा माणूस उगीच काटेकोरपणा करत नसतो.

एवढं ठाऊक असलं तरी परदेशातून घ्यायचं म्हणजे न पाहता, हात न लावता घ्यायचं. १९९५च्या सप्टेंबरात ईबे ही लिलावाची वेबसाइट सुरू होण्यापूर्वी हा व्यवहार मासिकांतल्या छोट्या जाहिराती, टपालाने आलेल्या याद्या आणि खेळण्यांच्या जत्रा यांवर चाले. आता फोटो असतात, पण फोटोला वास नाही, वजन नाही, आवाज नाही. म्हणून प्रश्न नेमके हवेत. नग पाण्यात तरंगतो का? पोटाखाली काय लिहिलं आहे? जोडाच्या रेघेवर चीर आहे का? उंची मिलिमीटरमध्ये किती? बहुतेक विक्रेते जुनं घर रिकामं करताना सापडलेला माल विकत असतात. त्यांना खेळण्याचं नाव माहीत नसतं, पण नीट विचारलं तर पट्टी लावून मोजून सांगतात. त्यांच्या भाषेतले शब्दही समजून घ्यावे लागतात. ‘प्लेवॉर्न’ म्हणजे मुलांनी भरपूर खेळून झिजवलेलं, ‘मिंट’ म्हणजे कारखान्यातून नुकतंच निघाल्यासारखं. या दोहोंच्या मधल्या लांबलचक पट्ट्यात बाकी सगळं येतं.

लिलावाची शेवटची काही सेकंदंच खरी असतात, त्याआधीची बोली फक्त आपला हात दाखवते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रविवारी रात्री आठला संपणारा लिलाव मुंबईत सोमवारी पहाटे दीडला संपतो. भारतातून बोली लावणाऱ्याला हे जागरण चुकत नाही.

खर्चाचा हिशेब तर आधीच करावा. लहानशा अंतराळवीराचं टपाल त्याच्या किमतीहून जास्त असू शकतं, म्हणून जाणकार एकाच विक्रेत्याकडून चार-पाच नग एकत्र घेतात. सीमाशुल्काचे नियमही पालटत राहतात. युरोपीय संघाने २२ युरोपर्यंतच्या पार्सलांची करसवलत १ जुलै २०२१पासून बंद केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ रोजी थांबवली आणि त्या आठवड्यात भारतासह अनेक देशांच्या टपालखात्यांना अमेरिकेची पार्सलं काही काळ रोखावी लागली. भारताने खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२०च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६०वर आणि २०२३मध्ये ७०वर नेलं. यात संग्राहकांना सलणारी एक गोष्ट आहे. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘पुराणवस्तू’ ठरायला वस्तूचं वय १०० वर्षांहून जास्त लागतं. आर्चरचा अंतराळवीर जेमतेम सत्तरीचा आहे. त्याच्या वर्गातले शेवटचे काही नग उरले असले, तरी कस्टमच्या खिडकीवर तो साधं खेळणंच असतो, कालच्या कारखान्यातून निघालेल्या खेळण्यासारखा.

नकलांचा प्रश्न दोन प्रकारचा आहे आणि दोन्हींची सरमिसळ करू नये. एक फसवणूक. केनरच्या ‘स्टार वॉर्स’च्या बाहुल्या १९७८पासून आल्या, त्यांच्या इवल्या बंदुका आणि झगे आज सर्रास नव्याने पाडले जातात आणि जुने म्हणून खपवले जातात. तिथे पैसाच इतका आहे. रॉकेट उडवणाऱ्या बोबा फेटचा, बाजारात कधीच न आलेला एक नमुना २०२४ साली अमेरिकेत लिलावात ५,२५,००० डॉलरना गेला. दुसरा प्रकार पुनर्निर्मितीचा. अमेरिकेतल्या ग्लेंको कंपनीने आर्चरचे अंतराळवीर जुन्याच साच्यांतून नव्याने काढले. त्यांना खोटं म्हणणं अन्यायाचं आहे. पोलाद तेच, फक्त दाणा नवा आणि साल वेगळं. ते स्वतंत्रपणे, आपल्या नावाने जमवावेत, आणि विक्रेत्याने ते १९५०च्या दशकातले म्हणून दिले तर परत करावेत.

साच्यांच्या या प्रवासात एक थांबा गोव्याचाही आहे. एमआरएफ आणि अमेरिकेतली हॅस्ब्रो यांनी १९८७ साली फनस्कूल उभारली आणि तिच्या गोव्यातल्या कारखान्यात खेळणी बनू लागली. हॅस्ब्रोच्या ‘जी. आय. जो’ सैनिकांचे अमेरिकेत वापरून झालेले साचे भारतात आले आणि त्यांतून निघालेल्या बाहुल्यांचे रंग इथल्या निवडीने बदलले. अमेरिकेतले संग्राहक आज हे बदललेले रंग शोधत भारतातल्या विक्रेत्यांना विचारतात. हे सैनिक अंतराळवीर नव्हेत, पण गोष्ट तीच आहे आणि या वेळी आपण परदेशी विक्रेत्याच्या जागी बसलेलो आहोत. मुंबई-गोव्यातल्या एखाद्या माळ्यावरून निघालेली पिशवी न बघता भंगारात देणाऱ्या कुटुंबाने एवढं ध्यानात घेतलं तर बरं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पैसा कमी आणि प्रश्न जास्त खर्च करावेत. सगळ्यांत मोलाचा प्रश्न बहुतेक जण विसरतात: हे खेळणं तुम्हाला कुठे मिळालं? कारखाने बंद पडले, मालसूच्या रद्दीत गेल्या, हाँगकाँगच्या मजल्यांवर आता दुसरे धंदे आहेत. बिननावाचं एखादं रॉकेट स्वॉन्सीच्या घरात सापडलं की मेलबर्नच्या, यावरून ते कुठे विकलं गेलं असेल आणि त्याचा साचा कोणत्या वाटेने गेला असेल, याचा अंदाज बांधता येतो. विक्रेत्याला ते आठवत असतं, निदान विकण्याच्या दिवशी तरी. पार्सल आलं की काही संग्राहक खोकं फेकतात, पण त्यावरची सीमाशुल्काची हिरवी चिठ्ठी कापून खेळण्याबरोबर ठेवतात. घाईच्या अक्षरात तिच्यावर बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: जुनं प्लास्टिकचं खेळणं, वजन अमुक ग्रॅम, आणि टपालाच्या शिक्क्यात एका गावाचं नाव.